मोटारसायकलचे आसन : स्वच्छता आणि निगा

भारतात मोटारसायकल हे आता चैनीचे वाहन राहिलेले नाही. शेतकऱ्याला बाजारपेठेत, शिक्षकाला शेजारच्या गावातील शाळेत, दूधवाल्याला घरोघरी आणि कारागिराला कामावर नेणारे ते रोजचे साधन झाले आहे. या साधनाची निगा राखताना मालक इंजिनातील तेल बदलतो, साखळीचा ताण तपासतो, टायरमधील हवा पाहतो. आसनाकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. धूळ दिसली की हाताशी असेल ते फडके फिरवावयाचे आणि सणावाराला चकाकी आणणारे एखादे पॉलिश चोळावयाचे, एवढ्यावरच आसनाची सेवा संपते.

ही सेवा पुष्कळदा उपेक्षेपेक्षाही अधिक हानिकारक ठरते. कुणी रॉकेलाचा बोळा फिरवून आसन लख्ख करतो, कुणी खोबरेल तेल जिरवितो, तर कुणी चामड्यासाठी तयार केलेले महागडे मलम रेक्झिनवर चोळून त्याचे ‘पोषण’ केल्याचे समाधान मानतो. या सर्व उपायांच्या मुळाशी एकच चूक आहे : आसन कशाचे बनलेले आहे, हा प्रश्न विचारण्यापूर्वीच त्याला काय लावावे, याचा निर्णय घेतला जातो. चामड्याला जे पथ्यकर, ते रेक्झिनला निरुपयोगी असते. आणि रेक्झिन जे निमूटपणे सोसते, ते चामड्याचा नाश करू शकते.

आसनाची रचना

जुन्या मोटारसायकलींवर सायकलच्या बैठकीसारखे, पोलादी स्प्रिंगांवर बसविलेले चामड्याचे एकेरी खोगीर असे. मागे बसणाऱ्यासाठी मागील चाकाच्या मडगार्डवर निराळी छोटी गादी लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर दोघांसाठी एकच सलग आसन देण्याची पद्धत रूढ होत गेली. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे म्हैसूर, फरिदाबाद इत्यादी ठिकाणीही मोटारसायकली तयार होऊ लागल्या. या वाहनांबरोबरच आसने शिवणाऱ्या कारागिरांचा व्यवसायही देशभर पसरला. दिल्लीचा करोल बाग, बंगळुरूचा जे. सी. रोड, कोलकात्याचा मल्लिक बाजार अशा वाहन-बाजारांत, तसेच जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी, आसनाला नवे आवरण घालून देणारा कारागीर आज भेटतो.

आजच्या आसनाचे तीन भाग असतात. सर्वांत खाली पोलादी पत्र्याचा किंवा कठीण प्लॅस्टिकचा तळ असतो. त्यावर पॉलियुरेथेनच्या फोमची, म्हणजे बोलीभाषेतील स्पंजाची, गादी असते. या फोममधील सूक्ष्म पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणूनच तो दाबला जातो व पुन्हा फुलतो, आणि म्हणूनच पाणीही भराभर शोषून घेतो. गादीवर आवरण ताणून बसवितात व त्याच्या कडा तळाच्या खालच्या बाजूस पिनांनी किंवा पत्र्याच्या दातांनी पक्क्या करतात.

आवरण बहुधा दोन-तीन तुकडे जोडून शिवलेले असते. शिवणीतील दर दोन टाक्यांमध्ये ३ मिलिमीटर अंतर धरले, तर १ मीटर लांबीच्या शिवणीत सुईची तीनशेहून अधिक छिद्रे पडतात. आवरणाचे कापड कितीही जलरोधक असले तरी ही छिद्रे जलरोधक नसतात. आसनाच्या बहुतेक दुखण्यांचा उगम येथे आहे.

आवरणाची ओळख

भारतीय रस्त्यांवरील बहुसंख्य मोटारसायकलींची आसने चामड्याची नसतात. त्यांचे आवरण म्हणजे विणलेल्या किंवा गुंफलेल्या कापडावर पॉलिव्हिनिल क्लोराइडचा, म्हणजेच पीव्हीसीचा, थर दिलेले कृत्रिम चामडे होय. ‘रेक्झिन’ हे मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचे व्यापारी नाव. त्या मूळ रेक्झिनमध्ये कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप असे. पुढे लेपाचे द्रव्य बदलले, पण नाव टिकले. आपल्याकडे आज सर्वच कृत्रिम चामड्याला रेक्झिन म्हणतात.

आसन उलटून तळाजवळची आवरणाची कड पाहिली की ओळख पटते. रेक्झिनच्या मागील बाजूस कापडाची वीण स्पष्ट दिसते. चामड्याच्या मागे लवयुक्त तंतूंचा खरबरीत पृष्ठभाग असतो. रेक्झिनवरील रंध्रांची नक्षी साच्यातून उमटविलेली असल्याने ठराविक अंतरावर तीच ती पुन्हा दिसते. अस्सल चामड्यावरील रंध्रे व सुरकुत्या सर्वत्र सारख्या नसतात. काही जण धागा जाळून परीक्षा करतात; ती टाळावी. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो.

रेक्झिन : त्याचे शत्रू आणि त्याची स्वच्छता

शुद्ध पीव्हीसी कठीण व ठिसूळ असते. पाण्याचे नळ ज्याचे बनवितात ते हेच द्रव्य. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत काम करणाऱ्या वॉल्डो सीमन या रसायनज्ञाने १९२६ मध्ये त्यात विशिष्ट द्रव मिसळून त्याला रबरासारखी लवचिकता आणून दाखविली. अशा द्रवांना मृदुकारके किंवा प्लॅस्टिसायझर म्हणतात. आसनाच्या रेक्झिनचा मऊपणा सर्वस्वी या मृदुकारकांवर अवलंबून असतो.

मृदुकारके पीव्हीसीच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. ती त्यांच्यामध्ये केवळ सामावलेली असतात. त्यामुळे उष्णतेने ती हळूहळू उडून जातात आणि पेट्रोल, थिनर, अॅसिटोन यांसारख्या द्रावकांत विरघळून बाहेर येतात. शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पीव्हीसीच्या रेणूंचेच विघटन करतात. परिणामी आवरण प्रथम निस्तेज, मग ताठर होते आणि अखेरीस जेथे ते सर्वाधिक वाकते तेथे, म्हणजे शिवणीजवळ व पुढच्या अरुंद भागावर, भेगाळते. उन्हाळ्यात काळ्या आसनाचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसहून अधिक तापू शकतो. ही झीज कशी होते, याची कल्पना त्यावरून येईल.

आता पेट्रोलाच्या बोळ्याचे रहस्य उलगडते. त्याने मळ निघतो आणि आसन घटकाभर नव्यासारखे दिसते. पण त्या बोळ्याबरोबर मृदुकारकाचा काही अंशही निघून जातो. असा प्रयोग वारंवार केल्यास आसन लवकर कडक होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. एकदा गेलेले मृदुकारक बाजारातील कंडिशनर चोळून परत आत भरता येत नाही. चामड्याचे तेल पीव्हीसीच्या थरात मुरत नाही. ते वर राहते, धूळ धरते आणि आसन निसरडे करते. म्हणून रेक्झिनच्या बाबतीत ‘पोषण’ हा शब्दच गैरलागू आहे. तेथे शक्य आहे ते फक्त संरक्षण.

स्वच्छतेची रीत साधी आहे. प्रथम कोरड्या मऊ ब्रशाने शिवणीतील व खाचांतील धूळ काढावी. धूळ तशीच ठेवून ओले फडके फिरविल्यास वाळूचे कण कानशीप्रमाणे पृष्ठभाग खरवडतात. नंतर १ लिटर कोमट पाण्यात चहाचा १ चमचा सौम्य द्रव साबण मिसळावा. त्यात सुती फडके बुडवून चांगले पिळावे आणि आसनाचा हातभर भाग एका वेळी पुसावा. नक्षीत रुतलेल्या मळासाठी मऊ ब्रश हलक्या हाताने गोल फिरवावा. तारेची घासणी कधीही वापरू नये. साबणाचा अंश राहू नये म्हणून स्वच्छ ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. पाण्याची नळी किंवा दाबाचा फवारा आसनावर सोडू नये, कारण शिवणीच्या छिद्रांतून पाणी आत शिरते.

फिक्या रंगाच्या आसनावर नव्या जीन्सचा निळा रंग चढतो. हा डाग ताजा असतानाच साबणाच्या पाण्याने पुसावा. उन्हाने तापलेल्या रेक्झिनमध्ये रंग खोल मुरतो आणि मग तो सहसा निघत नाही. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच मात्र टाळावे, कारण त्याने शिवणीचा दोरा कमजोर होतो आणि रंग विटतो.

काही आवरणांवर पीव्हीसीऐवजी पॉलियुरेथेनचा थर असतो. तो स्पर्शाला चामड्याच्या अधिक जवळचा असतो. परंतु दमट हवेत पाण्याच्या रासायनिक क्रियेने काही वर्षांत तो पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. पापुद्रे सुटू लागल्यानंतर कोणतेही मलम त्यावर उपाय नाही.

चामडे : ओलावा, तेल आणि संयम

चामड्याची गोष्ट निराळी आहे. कातडे हे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते. कमावण्याच्या क्रियेत हे तंतू कुजणार नाहीत अशा रीतीने स्थिर केले जातात. तरवड व बाभूळ यांच्या साली आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे. आधुनिक कारखान्यांत बहुतांशी क्रोमियमचे क्षार वापरतात. या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी १९४८ मध्ये मद्रास येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन करण्यात आली.

कमावल्यानंतर तंतू एकमेकांवर घसरत राहावेत म्हणून चामड्यात स्निग्ध द्रव्ये घालतात. ऊन, वारा आणि वारंवार भिजणे-सुकणे यांनी ही स्निग्धता घटते व चामडे कडक होऊन तडकते. म्हणून कंडिशनर चामड्याला खरोखर उपयोगी पडतो : तो निघून गेलेली स्निग्धता काही प्रमाणात भरून काढतो. ज्या चामड्यावर रंगाचा व रोगणाचा जाड थर असतो तेथे मात्र हे काम मंद व मर्यादित होते. पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो काही मिनिटांत मुरून डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे. तो वरच राहिला तर त्यावर थर आहे आणि कंडिशनर अत्यल्प पुरेल.

चामड्याचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो. याउलट कपड्यांचा साबण आणि धुण्याचा सोडा अल्कधर्मी असतात. त्यांच्या वारंवार वापराने चामड्यातील स्निग्ध द्रव्ये निघून जातात आणि चामडे रुक्ष होते. म्हणून खास चामड्यासाठी तयार केलेला क्लीनर किंवा खोगिराचा साबण वापरावा, तोही दमट फडक्यावर घेऊन. फडके दमट असावे. त्यातून पाणी ठिबकता कामा नये. पुसून झाल्यावर आसन सावलीत व वाऱ्यावर सुकवावे. लवकर सुकावे म्हणून ते उन्हात किंवा गरम हवेच्या यंत्रापुढे धरल्यास चामडे आकसते.

चामडे पूर्ण कोरडे झाल्यावरच कंडिशनर लावावा. प्रथम आसनाच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थोडा लावून एक दिवस थांबावे. रंग फारच गडद झाला तर दुसरा निवडावा. मग सुती फडक्यावर अगदी थोडा घेऊन पातळ, सारखा थर चोळावा, रात्रभर राहू द्यावा आणि सकाळी कोरड्या फडक्याने उरलेला अंश पुसून काढावा. अधिक लावल्याने अधिक लाभ होतो, ही समजूत चुकीची आहे. तेलाने ओथंबलेले चामडे सैल पडते, शिवणीजवळ ताणले जाते आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना डाग पाडते.

घरगुती तेलांविषयीही सावध असावे. जवसाचे तेल हवेत सुकून कठीण होते; रंगकामात ते वापरतात ते याच गुणामुळे. मोहरीचे तेल कालांतराने चिकट होते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठते, म्हणून उत्तर भारतातील हिवाळ्यात चामड्यावर त्याचा पांढरट थर दिसू शकतो.

पाणी आत शिरल्यानंतर

वर कोरडे दिसणारे आसन आत ओले असू शकते. परीक्षा सोपी आहे : शिवणीवर कोरडे पांढरे फडके ठेवून तळहाताने जोराने दाबावे. फडके ओले झाले तर फोममध्ये पाणी साठले आहे. अशा आसनावर बसणाऱ्याचे कपडे निरभ्र दिवशीही भिजतात. पण खरे नुकसान दिसत नाही. पोलादी तळ आतून गंजतो, पिना झिजतात, कापडाच्या अस्तरावर बुरशी धरते आणि कुबट वास येऊ लागतो.

असे आसन वाहनावरून काढावे, उभे किंवा तिरपे ठेवून पाणी निथळू द्यावे आणि हवेशीर सावलीत काही दिवस सुकवावे. फोम फारच भिजला असेल तर कारागिराकडून तळाच्या पिना काढवून आवरण उचलणे हाच मार्ग उरतो. त्याच वेळी तळाचा गंज खरवडून रंग द्यावा आणि फोमवर प्लॅस्टिकचा पातळ कागद घालून मग आवरण बसवावे. पावसाळ्यापूर्वी शिवणीच्या बाहेरील रेषेवर शिवणीसाठी मिळणारा जलरोधक लेप लावल्यास छिद्रे बरीचशी बंद होतात.

बुरशी दिसल्यास आसन मोकळ्या हवेत नेऊन, नाकातोंडाला फडके बांधून, ती कोरड्या ब्रशाने झाडावी. नंतर स्पिरिट व पाणी समप्रमाणात मिसळून त्यात ओलावलेल्या फडक्याने जागा पुसावी. अर्थात आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर परीक्षा करूनच. ओल्या आसनावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. पिशवी पावसाला बाहेर ठेवते, पण आतल्या ओलाव्यालाही बाहेर पडू देत नाही; बुरशीला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

लहान फाट दिसताच ती सांधून घ्यावी. दुधाचे कॅन किंवा ओझी बांधणारे दोर जेथे घासतात तेथे जाड कापडाची पट्टी ठेवावी. वेळेवर घातलेल्या चार टाक्यांनी फोम वाचतो, आणि फोम वाचला म्हणजे आसन वाचते.

देशाचे हवामान आणि निगेचा क्रम

आपल्या देशात सर्वत्र एकच वेळापत्रक चालणार नाही. राजस्थानसारख्या कोरड्या व तप्त प्रदेशात ऊन आणि वाळू हे मुख्य शत्रू आहेत. तेथे सावली, सुती आच्छादन आणि धूळ झाडण्याची नियमित सवय महत्त्वाची. केरळ, कोकण, गोवा आणि ईशान्य भारतात दमट हवा व बुरशी यांच्याशी सामना असतो. तेथे सुकविणे हीच खरी निगा. समुद्रकाठी खारा वारा पोलादी तळ व पिना गंजवितो, म्हणून आसन अधूनमधून उलटूनही पाहावे. लडाखसारख्या अतिथंड भागात पीव्हीसी ताठरते. थंडीने कडक झालेल्या आसनावर एकदम भार टाकल्यास जुने आवरण चिरते.

सर्वसाधारणपणे आठवड्यातून एकदा धूळ झाडावी आणि महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने आसन पुसावे. घामातील क्षार साचू नयेत म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून साध्या ओल्या फडक्यानेही पुसावे. चामड्याला वर्षातून दोन-तीनदा, विशेषतः पावसाळ्यापूर्वी व नंतर, कंडिशनर पुरेसा होतो.

चकाकी आणि सुरक्षितता

आसनाची निगा हा केवळ शोभेचा किंवा काटकसरीचा प्रश्न नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १२८ व्या कलमानुसार मागे बसणारी व्यक्ती चालकाच्या मागे पक्क्या बसविलेल्या योग्य आसनावरच बसली पाहिजे. आसन योग्य असणे म्हणजे त्यावर बसलेला माणूस ब्रेक लागताच जागेवर टिकणे, हेही त्यात अभिप्रेत आहे, असे मानावयास हरकत नसावी.

चकाकी आणणारी अनेक पॉलिशे सिलिकोनच्या तेलावर आधारलेली असतात. त्यांच्या पातळ थराने रेक्झिनवर झळाळी येते आणि घर्षण कमी होते. चालकाचे हात हँडलवर आणि गुडघे टाकीला टेकलेले असल्याने त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. मागे बसणाऱ्याची स्थिती वेगळी असते. आपल्याकडे साडी नेसलेल्या असंख्य स्त्रिया आसनावर एका बाजूला पाय सोडून बसतात, पुष्कळदा मांडीवर मूल घेऊन. त्यांचे गुडघे कशाला टेकलेले नसतात. कडेच्या पकडीचा आधार सोडला तर आसन व कापड यांच्यातील घर्षण हाच त्यांचा मुख्य आधार असतो. रविवारी चोळलेल्या पॉलिशाने तो आधारच नाहीसा होऊ शकतो.

म्हणून संरक्षक द्रव्य निवडावयाचेच असेल तर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे, पाण्यावर आधारलेले आणि सुकल्यावर चिकट किंवा निसरडे न राहणारे निवडावे. लावून झाल्यावर आसन कोरड्या फडक्याने चोळावे आणि तळहात दाबून पुढे सरकवून पाहावा. हात सहज घसरला तर साबणाच्या पाण्याने ते द्रव्य पुसून टाकावे आणि आसन तसेच, चकाकीविना राहू द्यावे.

उत्तम निगा राखलेले आसन चकाकत नाही. ते कोरडे असते, त्याच्या शिवणी बंद असतात, आवरण बोटाने दाबल्यास लवते आणि हात सरकवला असता किंचित अडते. सावलीची जागा, मऊ ब्रश, दोन सुती फडकी, थोडा सौम्य साबण आणि आवरण कशाचे आहे याचे ज्ञान एवढ्या सामग्रीवर ही स्थिती वर्षानुवर्षे टिकविता येते. यांपैकी पहिल्या चार गोष्टी प्रत्येक घरी असतात. पाचवी मिळविण्यासाठी आसन एकदा उलटून पाहावे लागते.